416416 चे विभाजक 72च

नमस्कार. सांगलीच्या 416416 या पिनकोडावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही दोन हरकती घेतल्यात. एक: 416416 = 416 × 1001, 416 चे विभाजक 12 आणि 1001 चे 8, म्हणून एकूण 96; मी लिहिलेले 72 चूक. दोन: तीन अंक ओळीने दोनदा लिहिले की 7, 11, 13 ने भाग जाणारच, मग त्यात सांगलीचं कौतुक कसलं?

दुसरी हरकत मान्य. कौतुक 1001 चं (7 × 11 × 13) आहे, सांगलीचं नाही. त्याचा उपयोग मात्र कुठल्याही सहा अंकी संख्येला होतो. पुढचे तीन आणि मागचे तीन अंक यांची वजाबाकी करा, ती 7, 11, 13 पैकी ज्याच्या पाढ्यात बसेल त्याने मूळ संख्येलाही भाग जातो. तुमच्या मिरजेचा 416410 घ्या, वजाबाकी 6, तिघांपैकी कोणाचाच भाग नाही. साताऱ्याचा 415001: वजाबाकी 414, बाकी अनुक्रमे 1, 7, 11. तिथेही नाही.

आता 96. तुमचे 12 आणि 8 दोन्ही बरोबर आहेत, चुकलाय तो गुणाकार. विभाजकांची संख्या अशी गुणायची तर दोन्ही संख्या सहमूळ हव्यात, म्हणजे 1 सोडून त्यांचा एकही सामाईक विभाजक नको. इथे 416 = 2⁵ × 13 आणि 1001 = 7 × 11 × 13; तेरा दोन्हीकडे बसलाय. त्यामुळे 1 × 13 आणि 13 × 1 या दोन जोड्या तुम्ही वेगळ्या मोजल्यात, पण विभाजक एकच. तेराच्या चार जोड्यांतून 1, 13, 169 एवढेच तीन निघतात. उरलेल्या अवयवांचे 6 × 2 × 2 = 24 पर्याय. 24 × 4 = 96 हे तुमचं, 24 × 3 = 72 हे खरं.

म्हणून आधी अवयव एकत्र करायचे, 2⁵ × 7 × 11 × 13², आणि मगच घातांकांत एकेक मिळवून गुणाकार करायचा: 6 × 2 × 2 × 3.

विभाजकांच्या बेरजेतही हाच घोळ होतो. 416 च्या विभाजकांची बेरीज 882, 1001 च्या विभाजकांची 1344; तुमच्या वाटेने 882 × 1344 = 11,85,408. खरी बेरीज 2⁵, 7, 11 आणि 13² यांच्या विभाजकांच्या बेरजांचा गुणाकार, 63 × 8 × 12 × 183 = 11,06,784. फरक 78,624, म्हणजे बरोबर 6048 × 13 (6048 = 63 × 8 × 12). जास्तीचा तेरा असा रंगेहाथ सापडतो.

तुमची पद्धत तुम्हाला खरी का वाटली असेल, हेही सांगतो. 100 ते 999 या 900 संख्यांपैकी 648 ना 7, 11, 13 पैकी कशानेच भाग जात नाही; अशी संख्या दोनदा लिहिली तर तुमची पद्धत चालते. फसते 252 ठिकाणी. (यश बहात्तर टक्के, हा निव्वळ योगायोग!) 415415 वर ताळा केलात तर 4 × 8 = 32 बिनचूक येईल. मग 143143 करून बघा. पुन्हा 4 × 8 = 32च येईल, पण ती संख्या 7 × 11² × 13² आहे आणि तिचे विभाजक फक्त 18.