‘सांगता येत नाही’ला किती मार्क?

माझी धाकटी बहीण महाराष्ट्रात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. शाळेत फॉरेन्सिक, म्हणजे गुन्ह्याचा वैज्ञानिक तपास, शिकवावं की नाही यावर त्यांच्या स्टाफरूममध्ये सध्या दोन तट पडलेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जायला हवं. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुभा आहे. म्हणजे माणसं लागणार, नोकऱ्या निघणार, तर सुरुवात शाळेतूनच करू, असं एका तटाचं म्हणणं. पोरांना खून-दरोडे कशाला शिकवायचे, हा दुसऱ्या तटाचा सवाल. आणि ‘अमेरिकेत तर शाळेतच शिकवतात’ हे वाक्य आलं की साक्षीला मला, अमेरिकेत राहणाऱ्या भावाला, फोन.

शिकवतात, खरं आहे. माझ्या मुलीनं हायस्कुलात हा विषय घेतला होता. पण भारतात समजतात तसं काही नाही. ऐच्छिक विषय, फिजिक्स टाळणाऱ्यांचा लाडका. पहिले दोन आठवडे पिवळी पट्टी, जमिनीवर खडूनं काढलेला माणूस आणि एकूण तमाशाच. हे उचलून तिकडे नेऊ नका, असं मी बहिणीला पहिल्याच फोनवर सांगितलं.

मग एक गृहपाठ आला आणि माझं मत हललं. काचेच्या पेल्यावरचे ठसे पेन्सिलच्या शिशाची पूड मऊ ब्रशनं फिरवून उठवायचे, चिकटपट्टीनं उचलून पांढऱ्या कार्डावर लावायचे आणि वर्गातल्या मुलांच्या ठशांशी ताडून पाहायचे. अशी दहा कार्डं. मुलगी भिंगातून रेषा कुठे फुटते, कुठे संपते ते मोजत बसली होती. तीन कार्डांवर तिनं ‘अनिर्णित’ लिहिलं. मी म्हटलं, ‘‘अगं, कोरं कशाला सोडतेस? अंदाजानं एखादं नाव लिही, मार्क तरी मिळतील.’’ तिनं ऐकलं नाही. एका कार्डावर मात्र माझ्या आग्रहानं नाव टाकलं. त्या तिन्ही अनिर्णितांना पूर्ण मार्क मिळाले. गेले ते माझ्या कार्डाचे. ज्या मुलाचं नाव लिहिलं होतं, त्यानं पेल्याला हातही लावला नव्हता.

माझा सल्ला आला कुठून, ते मला लगेच कळलं. आम्ही गुरुत्वाकर्षणासाठी लंबकाचा प्रयोग करायचो तेव्हा ९.८ हे उत्तर आधी ठरलेलं असायचं, रीडिंग मागाहून. जर्नल सीनियरचं. आकडा फारच तंतोतंत आला तर शंका नको म्हणून कुठेतरी ९.७६ टाकायचं. अख्ख्या पिढीनं असं विज्ञान केलं आणि पहिल्या वर्गात पास झाली.

आम्ही राहतो त्याच ओरेगन राज्यात ही सवय एका माणसाच्या जिवावर उठली होती. मार्च २००४ मध्ये स्पेनमध्ये माद्रिदला रेल्वेत बॉम्बस्फोट झाले. डिटोनेटरच्या पिशवीवर एक ठसा सापडला. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या संगणकानं त्याच्याशी मिळतेजुळते वीस ठसे काढले, त्यात ब्रँडन मेफील्ड या इथल्या वकिलाचा ठसा होता. एफबीआयच्या तज्ज्ञांनी तो त्याचाच असल्याचं ठामपणे सांगितलं. कोर्टानं नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानंही मान डोलावली. स्पॅनिश पोलीस मात्र एप्रिलपासून सांगत होते, जुळत नाही. मेफील्ड दोन आठवडे कोठडीत राहिला, मग ठसा एका अल्जीरियन माणसाचा निघाला. एफबीआयला माफी मागावी लागली. हे काही कच्चे तज्ज्ञ नव्हते. एकदा ‘जुळतो’ म्हटल्यावर त्यांना न जुळणाऱ्या रेषा दिसेनाशा झाल्या.

ही ठशांची विद्या तशी आपल्याकडचीच. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. वर्गीकरणाची किचकट मांडणी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केली आणि जगानं तिला त्यांच्या इंग्रज साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं, नाव दिलं. अभिमान वाटायचा तेवढा वाटू द्या. पण आपल्याकडेच २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात मेंदूच्या लहरींची चाचणी खुनाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालली होती, हेही मुलांना सांगा. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं संमतीशिवाय नार्को (औषधाच्या गुंगीत चौकशी), पॉलिग्राफ (खोटं पकडणारं यंत्र) किंवा असली मेंदूची चाचणी करायला मनाई केली. तरी टीव्हीसमोर बसून ‘नार्को करा रे त्याची’ ओरडणारे आपण आहोतच.

त्यामुळे नोकऱ्यांचा मुद्दा मला दुय्यम वाटतो. फॉरेन्सिक तज्ज्ञ वर्गातून एखादा होईल. पोलिसांच्या पंचनाम्याला पंच म्हणून मात्र कुणालाही बोलावणं येऊ शकतं. मुद्देमाल आपल्यासमोर सील झाला का, पाकीट कुणाच्या हातून कुणाकडे गेलं, न वाचता सही का करू नये, हे नववीच्या पोराला सहज कळतं. रक्त-प्रेतांची गरजच नाही.

बहिणीची अडचण वेगळीच. ‘‘दादा, हे सगळं बरोबर. पण उत्तरपत्रिकेत ‘सांगता येत नाही’ लिहिलं तर बोर्ड काय देणार? भोपळा. अन् पुस्तकात धडा आला की गाईड येणार, गाईडमध्ये ‘ठसा आरोपीचाच आहे’ असं छापलेलं असणार.’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. परीक्षेशिवाय करून बघ, एवढंच म्हणालो.

तिनं गेल्या आठवड्यात करून पाहिलं. ऑफिसातला शिक्क्याचा पॅड मागून आणला आणि पाच मुलांच्या अंगठ्यांचे ठसे कागदावर घेऊन वर्गात फिरवले. सोबत खडूच्या डब्यावरून उचललेला एक ठसा. डबा कुणी फोडला ते शोधा, एवढंच सांगितलं. रात्री तिचा मेसेज आला. निम्म्याहून जास्त वर्गानं शेवटच्या बाकावरच्या, रोज बोलणी खाणाऱ्या एका मुलाचं नाव लिहिलं होतं. त्या मुलानं स्वतःही स्वतःचंच. डब्यावरचा ठसा बहिणीचा होता.

‘याला किती मार्क देऊ?’ असं तिनं खाली विचारलंय.