'थर्ड क्लास बास्केटबॉल'वाल्या कॉमेंटला उत्तर, जरा लांबलंय

होप-कॅल्विन मॅचवरच्या (मिशिगनमधली दोन छोटी कॉलेजं, होप आमच्या हॉलंड गावात) मागच्या पोस्टखाली ॲन आर्बरहून (मिशिगन युनिव्हर्सिटीचं गाव) एका वाचकांनी चांगली लांबलचक कॉमेंट टाकलीये. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एक, होप कॉलेज १९९८ ला नॅशनल चॅम्पियन झालं असं मी लिहिलं ते साफ चूक आहे. दोन, डिव्हिजन थ्री (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या तीन गटांतला तिसरा, होप-कॅल्विन त्यातलेच) म्हणजे तिसऱ्या दर्जाचं बास्केटबॉल, ना स्कॉलरशिप ना एनबीए, "जिथे एक पोरगा एका मॅचमध्ये १३८ पॉइंट मारतो त्याला खेळ म्हणत नाहीत". तीन, "सगळं शहर थांबतं" वगैरे लिहून मी पतंग उडवतोय. आणि जाता जाता टोला, की डच लोकांच्या चर्चच्या भांडणात मराठी माणसानं नाचायचं कारण काय. मी तिथंच खाली उत्तर टाइप करत होतो, पण ते वाढत वाढत एवढं झालं की म्हटलं वेगळंच टाकू.

तर साहेब, पहिलं मान्य. चूक माझीच. १९९८ ला होप फायनलला गेलं होतं आणि हरलं होतं, विस्कॉन्सिनच्या प्लॅटव्हिल कॉलेजकडून. १९९६ ला पण फायनल, पण हार, तेव्हा रोवन कॉलेजकडून १००-९३. म्हणजे दोन वर्षांच्या अंतरानं दोनदा हाता-तोंडाशी आलेला घास गेला, आणि इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून त्या १९९८ च्या टीमचं कौतुक इतक्यांदा ऐकलंय की माझ्या डोक्यात ते जिंकलेच होते. पोस्ट दुरुस्त केली. आणि हो, कॅल्विनकडं दोन टायटल आहेत, १९९२ आणि २०००, ती मी "सोयीस्करपणे विसरलो" असं तुम्ही म्हणता, तर विसरलो नव्हतो, लिहायची इच्छा झाली नव्हती. ते मनावर घ्या, पण प्लॅटव्हिलचा कोच कोण होता ते पण बघा. बो रायन. तोच जो पुढं विस्कॉन्सिन मॅडिसनला गेला आणि तुमच्या मिशिगनला वर्षानुवर्षं पीडत राहिला. त्या माणसानं प्लॅटव्हिलला चार नॅशनल टायटल जिंकून दिली होती, १९९१, ९५, ९८ आणि ९९, सगळी ह्याच तिसऱ्या दर्जात. तिथली शाळा पास करूनच तो तुम्हाला छळायला आला.

(बायको म्हणते एवढं टायटल टायटल करतोस तर होपच्या मुलींच्या टीमबद्दल लिही, त्यांनी तीन जिंकलीत, १९९०, २००६ आणि २०२२. तिचं बरोबर आहे. त्यावर वेगळी पोस्ट होईल.)

आता ते १३८. ग्रिनेल कॉलेज, आयोवा, नोव्हेंबर २०१२, जॅक टेलर. ५२ बास्केट आत गेले, पण शॉट किती मारले बघा, १०८. त्यातले ७१ तर थ्री पॉइंटर. समोर होतं एक छोटंसं बायबल कॉलेज. ग्रिनेलची पद्धतच तशी आहे, पाच-पाच पोरं एकदम बदलायची, सतत प्रेस करायचं (मैदानभर समोरच्याच्या अंगावर जायचं), समोरच्यानं सोपे लेअप मारले तर मारू दे, आपण थ्री मारत सुटायचं. खरं सांगू, मला पण ती मॅच आवडत नाही. आपल्याकडं जत्रेच्या मैदानात बिनजोडीची कुस्ती लावली तर माणसं शिट्ट्या मारून उठवतात, तसलाच प्रकार. कुस्ती जोडीचीच पाहिजे. पण बिनजोडीची एक कुस्ती बघितली म्हणून तुम्ही आखाडाच बाद करणार असाल तर अवघड आहे. होप आणि कॅल्विन १९२० पासून खेळतायत, दोनशेच्या वर मॅच झाल्यात, आणि त्यात जोड अशी लागलीये की एका वर्षी कोण भारी ते पुढच्या वर्षी सांगायची सोय नाही.

स्कॉलरशिप नाही हे खरंय. डिव्हिजन थ्रीचा नियमच तो, खेळासाठी म्हणून एक डॉलर द्यायचा नाही, अभ्यासावर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत मिळते तेवढीच. तुम्हाला ह्यात दर्जा कमी दिसतो. आणि एनबीएचं म्हणाल तर डंकन रॉबिन्सन तुमच्याच मिशिगनकडून २०१८ ची फायनल खेळला ना? तो आधी कुठं होता माहितीये? विल्यम्स कॉलेज, मॅसॅच्युसेट्स, डिव्हिजन थ्री. २०१४ ला पहिल्याच वर्षी तो नॅशनल फायनल खेळला आणि शेवटच्या सेकंदाच्या लेअपवर विस्कॉन्सिनच्या व्हाइटवॉटर कॉलेजकडून ७५-७३ हरला. नंतर मिशिगन, मग एनबीएच्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही, मग मायामी, मग २०२१ ला नऊ कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट. त्याच्या आधी ऑग्सबर्गचा डेव्हिअन जॉर्ज, १९९९ ला लेकर्सनं पहिल्याच राउंडला उचलला आणि त्यानं तीन चॅम्पियनशिप बघितल्या. पण हे लिहितानाच मला कंटाळा येतोय, कारण ह्या दोघांची नावं घेऊन डिव्हिजन थ्री भारी ठरवायचं म्हणजे आमच्या गल्लीतला एक पोरगा मुंबईला जाऊन मोठा झाला म्हणून गल्ली चांगली, असलं काहीतरी होतं. गल्ली चांगली असते ती गल्लीत राहणाऱ्यांमुळं.

त्याचंच एक उदाहरण देतो. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीत (गाड्यांचे पार्ट बनवतो आम्ही, इथं अर्धं गाव तेच करतं) समरला एक इंटर्न आला, कॅल्विनचा, टीममधला, फार खेळायला मिळायचं नाही पण फेब्रुवारीत होपविरुद्ध शेवटच्या मिनिटाला त्याला उतरवलं होतं आणि त्यानं दोन्ही फ्री थ्रो घालवले होते. आमच्या डिपार्टमेंटला एक सिनियर आहेत, रिटायरमेंटला आलेले, होपचे, तिकीट काढून जुन्या सिव्हिक सेंटरपासून मॅच बघणारे. पहिल्या दिवशी ओळख करून दिली तर त्यांनी हात मिळवला आणि पहिलं वाक्य, "त्या दोन फ्री थ्रोचं काय झालं रे?" पोरगं लाल झालं. मग म्हणालं, पहिला शॉर्ट पडला, आणि दुसरा मारताना मी पहिल्याचाच विचार करत होतो. त्यावर हे म्हातारं पाच मिनिटं काही बोललं नाही आणि मग त्याला जेवायला घेऊन गेलं. तीन महिने ते दोघं एकत्र जेवत होते. तुमच्या मिशिगनच्या प्लेअरनं फ्री थ्रो घालवला तर तुम्ही ट्विटरवर शिव्या घालाल, तो तुम्हाला सोमवारी सकाळी प्रिंटरपाशी भेटणार नाही. इथं भेटतो.

आता भांडणाचं. ते चर्चचं भांडण आहे हे तुम्ही बरोबर पकडलंत, पण अर्धंच पकडलंत. १८४६ ला व्हॅन राल्टे नावाचा पाद्री नेदरलँड्समधून माणसं घेऊन आला आणि १८४७ ला हॉलंड गाव वसवलं. दहा वर्षं होतायत न होतायत तोवर, १८५७ ला, ह्यांच्यातलीच काही चर्च फुटून बाहेर पडली. का? प्रार्थनेत कुठली गाणी म्हणायची, कुठली नाही, शिकवण पुरेशी कडक आहे का, असल्या गोष्टींवरून. राहिले त्यांचं होप कॉलेज, १८६६ चं. फुटले त्यांचं कॅल्विन, १८७६ चं, ग्रँड रॅपिड्सला. दोन्हीमध्ये गाडीनं अर्धा-पाऊण तास. आडनावं तीच, व्हॅन अमुक आणि डी तमुक, देव तोच, आजी-आजोबांचं गाव तेच, आणि दोन घरं समोरासमोर. ह्याला आपल्याकडं काय म्हणतात सांगा? भावकी! बांधावरून भांडणारी, लग्नाला बोलावणारी, पण पंगतीत शेजारी न बसणारी भावकी. मला तर पहिल्याच वर्षी कळलं की हे लोक आपलेच आहेत. वर सांगितलेले ते सिनियर स्वतः होपचे आणि त्यांची बायको कॅल्विनची. दोघं मॅचला एकाच गाडीतनं येतात कारण लेक मिशिगनवरून बर्फ पडायला लागला की दोन गाड्या काढायची सोय नाही, आणि दारातनं आत गेले की ती एका बाजूला, हे दुसऱ्या. चाळीसेक वर्षं झाली म्हणे.

मी कोल्हापूरचा. तिथं ह्याला रायव्हलरी म्हणत नाहीत, ईर्षा म्हणतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉल मॅच असली की तुमचं आयएसएल आणि प्रीमियर लीग गेलं उडत, खेळणारा पोरगा तुमच्याच पेठेतला, त्याच्या बापाची वडापावची गाडी तुम्हाला माहिती, आणि हरला तर तोंड लपवायला जागा नाही कारण रात्री त्याच चौकातनं घरी जायचंय. त्या पोरांना तरी कोण आयुष्यभराचं कॉन्ट्रॅक्ट देतंय? दिलबहार, खंडोबा, ही नावं तुम्हाला पुण्यात पण माहीत नसतील. तरी स्टेडियम भरतं. तेव्हा मी इथं बाहेरून येऊन दुसऱ्याच्या लग्नात नाचतोय असं नाही, मला हा नाच आधीपासून येतो, फक्त बँड बदललाय. इथली एक जुनी गंमत आहे की डच नसलात तर तुम्ही फारसे काही नाही. ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा लागली होती थोडी, खोटं कशाला बोलू. पण मॅचला शेजारी बसणारा माणूस तिसऱ्या मॅचला तुम्हाला विचारतो, "कसं वाटतंय यंदा, रिबाउंडिंग सुधारलंय का?" तिथं तो विषय संपतो.

"शहर थांबतं" हे मात्र मागे घेतो. नाही थांबत. मायर सुपरमार्केटमध्ये त्या दुपारी पण रांग असते. पण आकडे बघा की जरा. हॉलंडची वस्ती ३४ हजारांच्या आसपास आणि होपच्या डेव्होस फील्डहाउसमध्ये बसतात ३४०० च्या आसपास, म्हणजे भरलं की दहातला एक माणूस तिथं. आणि १९९७ ला ग्रँड रॅपिड्सला व्हॅन अँडेल अरीनात हीच मॅच ठेवली तर ११,४४२ लोक आले. तुमचं क्रिसलर सेंटर भरभरून साडेबारा हजारांच्या आसपास. दोन छोटी कॉलेजं, एकाही पोराला स्कॉलरशिप नाही, आणि तुमच्यापेक्षा फक्त हजारभर कमी. ईएसपीएनच्या एका यादीत कॉलेज बास्केटबॉलच्या सगळ्या ईर्षांमध्ये ही चौथी होती, पण यादीचं मला कौतुक नाही.

तुम्ही एक चांगला प्रश्न विचारलात खरं तर, तो टोल्याच्या नादात हरवला, की "नुसतं होप-कॅल्विन, होप-कॅल्विन, बाकी कॉन्फरन्सचं काय?" इथं मी खरंच कमी पडलो. एमआयएए (होप-कॅल्विन ज्या कॉलेजांच्या गटात खेळतात तो) ही १८८८ पासूनची कॉन्फरन्स, अमेरिकेतली सगळ्यात जुनी, त्यात अल्बियन, ॲल्मा, एड्रियन, कॅलमझू, ऑलिव्हेट पण आहेत, आणि ट्राइन. ट्राइन इंडियानातलं, २००४ ला आलेलं, म्हणजे आमच्या दृष्टीनं कालचं पोरगं. आम्ही आमच्या भावकीत गुंतलेलो आणि २०२४ ला नॅशनल टायटल कोणी उचललं? ट्राइननं. ते पण फोर्ट वेनला, त्यांच्या घरापासून तासाभरावर. शंभर वर्षं दोन भाऊ बांधावरून भांडत बसले आणि ऊस तिसऱ्यानं नेला. होपवाल्यांनी त्या रात्री काय केलं ते सांगू? निम्म्यांनी "आपल्या कॉन्फरन्सचं नाव झालं" म्हणून टाळ्या वाजवल्या, आणि निम्मे म्हणाले बरं झालं, कॅल्विननं नाही जिंकलं.

आणि गणित पण असतं बरं का, नुसती भावना नसते. डिव्हिजन थ्रीत चारशेच्या वर टीम, नॅशनल टूर्नामेंटला ६४. कॉन्फरन्स टूर्नामेंट जिंकली तर थेट आत, नाही तर उरलेल्या मोजक्या जागांसाठी रांगेत, त्यालाच पूल सी म्हणतात. २०२४-२५ पासून एनपीआय नावाचा फॉर्म्युला आलाय, त्यात कुणाशी खेळलात, कुठं खेळलात, सगळं मोजतात. त्यामुळं डिसेंबरात कुठल्या तरी अनोळखी कॉलेजकडून घरच्या मैदानावर हरलेली मॅच मार्चमध्ये भूत होऊन येते. शिवाय विमानाचा खर्च वाचवायला पहिले राउंड शक्यतो बसनं जाता येईल अशा टीममध्ये लावतात, म्हणून विस्कॉन्सिन आणि ओहायोतली चांगली चांगली कॉलेजं एकमेकांना लवकरच खाऊन टाकतात, आणि त्यावर आम्ही लोक ब्रॅकेट (कोण कुणाशी खेळणार त्याचा तक्ता) येईपर्यंत रात्र रात्र वाद घालतो. तुम्हाला वाटतं हे रिकामटेकड्यांचं काम आहे. आहेच.

तेव्हा असं करा, एखाद्या शनिवारी या. ॲन आर्बरहून अडीच तास. मॅच दुपारी असते, तुमची मिशिगनची रात्रीची चुकणार नाही. फक्त येताना तो पिवळा टी-शर्ट घालू नका, निळा घाला. होपचा रंग निळा आणि केशरी आहे, त्यात खपून जाल. कॅल्विनचा मरून आणि सोनेरी, त्यामुळं पिवळं दिसलं की ती माणसं आपलाच पाहुणा आला समजून तुम्हाला त्यांच्या बाजूला नेऊन बसवतील, कॉफी पण पाजतील, तशी प्रेमळ आहेत ती, पण हे मी म्हणालो असं आमच्या सिनियरना सांगू नका.