चौथी कसोटी गेबेरहाला हवी होती

22 ऑगस्ट 2026. जोहान्सबर्गचं एलिस पार्क. रग्बीतले स्प्रिंगबॉक्स, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा संघ, विरुद्ध ऑल ब्लॅक्स, म्हणजे न्यूझीलंडचा, पहिली कसोटी. तारीख जाहीर झाली तेव्हापासून मी दिवस मोजतेय. त्यानंतर 29 ऑगस्टला केपटाऊन, मग 5 सप्टेंबरला पुन्हा जोहान्सबर्ग, या वेळी सोवेटोला लागून असलेल्या एफएनबी स्टेडियमवर. आणि चौथी कसोटी 12 सप्टेंबरला थेट अमेरिकेत, बाल्टिमोरला.

त्या चौथ्या कसोटीबद्दल माझी तक्रार आहे. पण आधी उरलेल्या तीन कसोट्यांसाठी जीव का टांगलाय ते सांगते.

गेल्या सप्टेंबरात काय झालं आठवा. 6 तारखेला ऑकलंडच्या ईडन पार्कवर न्यूझीलंडनं दक्षिण आफ्रिकेला 24-17 असं हरवलं. 1994 मध्ये फ्रान्सनं हरवल्यापासून ऑल ब्लॅक्स त्या मैदानावर एकही कसोटी हरलेले नाहीत. सात दिवसांनी वेलिंग्टनला मध्यंतरापर्यंत न्यूझीलंड 10-7 असं पुढे होतं. उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेनं 36 गुण कमावले, न्यूझीलंडला एकही मिळाला नाही. 43-10. ऑल ब्लॅक्सच्या सगळ्या इतिहासातला सर्वात मोठा पराभव. मी टीव्ही बंद केला आणि पहिला विचार आला तो असा, की आता पुढच्या शनिवारी काय होईल? पण पुढचा शनिवार नव्हताच. एक-एक बरोबरी, आणि दोन्ही संघ आपापल्या वाटेनं गेले. इतका मोठा घाव बसल्यावर ऑल ब्लॅक्स काय उत्तर देतात हे बघायला वर्षभर थांबावं लागलं.

म्हणून मला मालिका हवी. एका सामन्यात नशीब चालतं, एखादं लाल कार्ड चालतं, वाऱ्यानं वळलेली एक किक चालते. मालिकेत हरलेल्याला सात दिवस त्याच देशात राहून, त्याच लोकांच्या नजरा झेलत पुन्हा उभं राहावं लागतं. यंदा तर जुन्या पद्धतीचा पुरा दौरा आहे. स्टॉर्मर्स, शार्क्स, बुल्स आणि लायन्स या चार स्थानिक संघांशीही ऑल ब्लॅक्स खेळणार आहेत. असा दौरा दक्षिण आफ्रिकेत शेवटचा झाला 1996 साली, शॉन फिट्झपॅट्रिकच्या नेतृत्वाखाली. त्या वर्षी प्रिटोरियात 33-26 असं जिंकून ऑल ब्लॅक्सनी दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवर पहिल्यांदा मालिका जिंकली. 1928 पासून प्रयत्न चालू होते. जे पिढ्यान्‌पिढ्या जमलं नाही ते जमल्यावर ते खेळाडू मैदानावरच आडवे झाले होते.

एलिस पार्कबद्दल थोडं. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे 1750 मीटर उंच आहे. हवा विरळ, त्यामुळे किक लांब जाते आणि साठाव्या मिनिटानंतर पाहुण्यांचा श्वास तोकडा पडायला लागतो. नेमक्या त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेचे प्रशिक्षक रासी एरास्मस यांचा ‘बॉम्ब स्क्वॉड’, म्हणजे राखीव खेळाडूंची फळी, मैदानात उतरतो. रग्बीत आठ राखीव खेळाडू असतात. बहुतेक संघ त्यात पाच फॉरवर्ड (ढकलाढकली करणारे धिप्पाड) आणि तीन बॅक (मागून चेंडू घेऊन पळणारे) ठेवतात. एरास्मसनं आधी सहा-दोन केलं, मग सात-एक. म्हणजे स्क्रममध्ये, दोन्हीकडचे फॉरवर्ड एकमेकांना भिडतात तिथे, ढकलून ढकलून समोरचे दमले, की यांच्याकडून ताजी फळीच्या फळी येते. 2024 ला एलिस पार्कवर न्यूझीलंड 27-17 असं पुढे होतं, शेवटची काही मिनिटं उरली होती. दक्षिण आफ्रिका 31-27 असं जिंकली. यावर ‘हा अन्याय आहे, नियम बदला’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आठ माणसं दोघांनाही मिळतात. ती कशी वापरायची हे डोकं ज्याचं त्याचं.

आता खऱ्या मुद्द्यावर येते. या दोन देशांमधलं वैर मैदानापेक्षा स्टँडमध्ये जास्त घडलंय असं माझं मत आहे.

पार सुरुवातीपासून बघा. 1921 साली स्प्रिंगबॉक्स पहिल्यांदा न्यूझीलंडला गेले. नेपियरला त्यांचा सामना माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, संघाशी झाला आणि ते 9-8 असे जेमतेम जिंकले. दौऱ्यासोबत आलेल्या एका दक्षिण आफ्रिकी पत्रकारानं घरी तार पाठवली. त्याचा राग खेळावर नव्हताच. गोरे प्रेक्षक गोऱ्या संघाविरुद्ध माओरींच्या नावानं ओरडत होते, हे त्याला सहन झालं नव्हतं. तारेचा मजकूर फुटला, न्यूझीलंडच्या वर्तमानपत्रात आला आणि गदारोळ झाला. म्हणजे पहिल्याच दौऱ्यात भांडण झालं ते टाळ्या कोणी कोणासाठी वाजवाव्यात यावरून.

त्यानंतर न्यूझीलंडनं जे केलं ते मला जास्त बोचतं. 1928, 1949 आणि 1960 च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यांवर माओरी खेळाडूंना नेलंच नाही. यजमानांना नको, म्हणून आपलेच खेळाडू घरी ठेवले. 1960 ला ‘माओरी नाहीत तर दौरा नाही’ अशी मोठी चळवळ झाली, तरी संघ गेलाच. 1970 ला माओरी आणि सामोअन खेळाडू गेले, पण ‘मानद गोरे’ असा शिक्का घेऊन. माणसाला असा शिक्का मारता येतो, आणि तो शिक्का मान्य करून खेळायला जाता येतं, हे आज वाचतानाही अंगावर काटा येतो.

त्याच काळात केपटाऊनच्या न्यूलँड्स मैदानावर गोऱ्या नसलेल्या प्रेक्षकांसाठी वेगळा भाग राखलेला असे. तिथले लोक ऑल ब्लॅक्ससाठी ओरडत. स्प्रिंगबॉक्सच्या संघात त्यांच्या रंगाचा माणूस येऊच शकत नव्हता, मग तो संघ त्यांचा कसा? मंडेलांना जिथे डांबलं होतं त्या रॉबेन बेटावरचे कैदीही पाहुण्या संघाच्या बाजूनं असायचे, हे मंडेलांनी स्वतःच पुढे सांगितलं. केपटाऊनच्या कलर्ड (तिथे मिश्रवंशीयांना असं म्हणतात) वस्त्यांमधली ही परंपरा अजून टिकून आहे. आजोबांकडून बापाकडे, बापाकडून मुलाकडे काळी जर्सी आली. ‘केप क्रुसेडर्स’ म्हणतात त्यांना. दर वेळी ऑल ब्लॅक्स केपटाऊनला आले की त्यांना गद्दार ठरवणाऱ्या कमेंट्सचा पूर येतो. या महिन्यातही येईल. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्या घराला तीन पिढ्या स्टँडच्या कोपऱ्यात कोंडलं, त्या घरानं जर्सी कधी बदलावी हे दुसऱ्यानं ठरवू नये. काही घरांत ती बदललीही आहे. एकाच सोफ्यावर बाप काळ्या जर्सीत आणि मुलगी हिरव्या, असंही होत असणार. 29 तारखेला मी खेळाइतकीच ती गर्दी बघणार आहे.

1981 चं हॅमिल्टन तर माहीतच असेल. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडमध्ये आलेला. 25 जुलैला निदर्शक कुंपण तोडून मैदानात घुसले, मधोमध हातात हात घालून उभे राहिले आणि सामना रद्द करावा लागला. तिकीट काढून आलेल्यांनी त्यांच्यावर बाटल्या फेकल्या. 12 सप्टेंबरला ईडन पार्कवर तिसरी कसोटी चालू असताना वरून छोटं विमान घिरट्या घालत पिठाच्या पिशव्या टाकत होतं. त्यातली एक न्यूझीलंडच्या गॅरी नाइटला लागली. न्यूझीलंड 25-22 असं जिंकलं, पण त्या दौऱ्यानं तिथल्या घराघरांत भांडणं लावली होती.

आणि मग 24 जून 1995, तेच एलिस पार्क. विश्वचषकाचा अंतिम सामना. मंडेला सहा नंबरची हिरवी जर्सी घालून मैदानात आले आणि जवळजवळ सगळं गोरं असलेलं स्टेडियम ‘नेल्सन, नेल्सन’ असं गर्जू लागलं. जादा वेळेत जोएल स्ट्रान्स्कीचा ड्रॉप गोल, 15-12. त्या एका दुपारनं देश जोडला असं सहज लिहिलं जातं. मी तसं लिहिणार नाही. त्या दिवशी संघात काळा खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स. पहिला काळा कसोटी कर्णधार, सिया कोलिसी, यायला 2018 उजाडावं लागलं. पण त्या स्टँडनं त्या दुपारी जे केलं, ते केलं. ते कोणी पुसू शकत नाही.

मग सांगा, अशा वैराचा शेवटचा सामना बाल्टिमोरला?

कारण मला कळतं. दोन्ही संघटनांना पैसा हवाय, 2031 चा विश्वचषक अमेरिकेत आहे, तिथे रग्बी रुजवायची आहे. खेळाडूंचे पगारही कुठून तरी यायला हवेत. पण त्यासाठी अमेरिकेत एखादा वेगळा सामना खेळा ना. मालिका 2-1 अशी असेल, सगळा हिशेब शेवटच्या ऐंशी मिनिटांवर आलेला असेल, आणि तेव्हा दोन्ही संघ विमानात बसून समुद्र ओलांडणार? स्टँडमध्ये हौसेनं आलेले चांगले लोक असतील, दोन्ही देशांतून तिथे गेलेलेही असतील. पण केपटाऊनचा तो बाप नसेल. सोवेटोतून चालत येणारा नसेल.

माझ्या मते ही कसोटी गेबेरहाला हवी होती. म्हणजे पूर्वीचं पोर्ट एलिझाबेथ. यात नवीन काही नाही. 1949 ला चौथी कसोटी तिथेच झाली आणि 1960 लाही. 1960 ला तर तिथल्या 8-3 या निकालानं मालिका ठरली. 2011 ला नव्या स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेनं ऑल ब्लॅक्सना 18-5 असं हरवलं, तेव्हा मैदान नाही असंही म्हणता येणार नाही. गेबेरहा ज्या प्रांतात आहे त्या ईस्टर्न केपमध्ये काळे लोक शंभराहून जास्त वर्षं रग्बी खेळतायत, देशानं त्यांची दखल घेण्याच्या कितीतरी आधीपासून. आणि कोलिसी तिथल्याच झ्विडे वस्तीतला. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताच्या पहिल्या ओळी खोसा भाषेत आहेत. ज्यांच्या घरात ती भाषा बोलली जाते अशी हजारो माणसं त्या ओळी म्हणतायत आणि समोर ऑल ब्लॅक्स हाकासाठी, सामन्याआधीच्या त्यांच्या माओरी नाचासाठी, रांग धरतायत, मालिकेचा निकाल बाकी आहे. मला हे बघायचं होतं.

2030 ला स्प्रिंगबॉक्स परतीच्या दौऱ्यावर न्यूझीलंडला जाणार आहेत. तेव्हा तरी सगळ्या कसोट्या तिथल्या तिथे होऊ द्या. हॅमिल्टनला एक सामना द्या. तिथे 1981 चा सामना खेळायचा राहिलाय.

माझा अंदाज विचाराल, तर एलिस पार्कवर दक्षिण आफ्रिका, सात गुणांच्या आत. केपटाऊनला न्यूझीलंड, कारण वेलिंग्टनचं 43-10 ते विसरलेले नाहीत आणि तिथे उंचीचा त्रास नाही. एफएनबीवर 2010 ला 94 हजारांहून जास्त लोकांसमोर ऑल ब्लॅक्सनी शेवटच्या मिनिटांत सामना ओढून नेला होता, 29-22. म्हणून तिसऱ्या कसोटीचा अंदाज मी केपटाऊन झाल्यावरच लिहीन.