तांबूस केसांवरचा व्हायरल उतारा

एप्रिलच्या शेवटी माझी भाची राजारामपुरीतल्या आमच्या घरी आली, ती कपाळावर ओढणी गुंडाळून. घरच्या घरी ब्लीच करून चार बटा सोनेरी करण्याचा तिचा बेत होता. बटा निघाल्या माठाच्या रंगाच्या. मग तिला तो संदेश सापडला, जो माझ्याही फोनवर तीन गटांतून येऊन पडलेला होता: ‘पार्लरवाले हे कधीच सांगणार नाहीत. लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा समप्रमाणात घेऊन केसांना चोळा, तासभर उन्हात बसा, तांबूस रंग मुळापासून निघून जाईल. गुण न आल्यास मेंदी लावा, निळीच्या पाण्याने केस धुवा किंवा दुसऱ्याच दिवशी पुन्हा ब्लीच करा.’ बावीस वर्षे बारावीला रसायनशास्त्र शिकवणारी आत्या दोन गल्ल्यांवर राहत असताना, तिला एक फोन करण्याऐवजी या मुलीने अकराच्या उन्हात गच्ची गाठली.

‘निघून जाईल’ या शब्दांतच पहिली चूक आहे. काळ्या केसांत काळपट-तपकिरी युमेलॅनिन आणि तांबूस-पिवळे फिओमेलॅनिन अशी दोन रंगद्रव्ये असतात. ब्लीचमधले हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांतले पहिले लवकर मोडते, दुसरे चिवटपणे टिकून राहते. म्हणून काळा केस उजळताना आधी लालसर, मग नारिंगी आणि शेवटी पिवळा होतो. नारिंगी टप्प्यावर हात थांबला की दिसतो तो केसाचा स्वतःचाच रंग. तो घासून जाणार कसा?

आता लिंबू-सोड्याकडे वळते, कारण सर्वाधिक नुकसान याच कलमाने केले आहे. सायट्रिक आम्ल आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की फसफसून कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे सोडियम सायट्रेटचे पाणी राहते. तो फेस म्हणजे औषध ‘काम करत असल्याची’ खूण नसून दोघांनी एकमेकांना निकामी केल्याची खूण आहे. चमचाभर रसातले आम्ल संपवायला मोठी चिमूटभर सोडा पुरतो. संदेशाप्रमाणे चमचाभर घातला तर उरलेला सगळा अल्कधर्मी सोडा केसांवर बसतो. ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजी’मध्ये २०१४ साली ब्राझीलच्या संशोधकांनी १२३ शाम्पूंचा सामू (pH; सातच्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) मोजून लेख लिहिला होता. त्यात केसाच्या तंतूचा सामू ३.६७ आणि टाळूचा ५.५ दिलेला आहे आणि अल्कधर्मी द्रावणाने तंतूंमधले घर्षण वाढून वरच्या खवल्यांना इजा होते, केस तुटतात, असे बजावलेले आहे. सोड्याच्या पाण्याचा सामू आठाच्या वर असतो. ब्लीचने आधीच पोखरलेल्या केसावर तो चोळणे म्हणजे सोललेल्या गुडघ्यावर काथ्या घासणे होय.

उन्हाचा भाग तर त्याहून वाईट. लिंबाच्या रसात, आणि सालीत तर विशेष, फ्युरोकौमरिन नावाची द्रव्ये असतात. ती सोड्याने मरत नाहीत आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडी भाजवतात. त्याच दिवशी काही जाणवत नाही, म्हणून संशयही येत नाही. भाचीच्या कपाळाच्या कडेला आणि कानामागे दुसऱ्या दिवशी लाली व बारीक फोड आले, आठवड्याने तिथे ओघळाच्या आकाराचे तपकिरी पट्टे उमटले. “आत्या, रंग होता तिथेच आहे, कातडं गेलं,” हे तिचे निदान अचूक होते.

मेंदीबद्दल एवढेच, की तिच्यातले लॉसोन हे रंगद्रव्य स्वतःच नारिंगी रंग देते. दुसऱ्या दिवशीच्या ब्लीचने केस रबरासारखे ताणून तुटतात. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

निळीच्या बाबतीत मात्र नाइलाजाने अर्धे गुण द्यावे लागतात. पांढऱ्या धोतराचा पिवळेपणा मारायला आजी नीळ वापरत असे, त्यामागचे तत्त्व खरे आहे आणि टोनर, म्हणजे ब्लीचनंतर नको ती झाक मारायला लावायचा रंग, तोही त्याच तत्त्वावर चालतो: नारिंगीला निळा मारतो, पिवळ्याला जांभळा. पण कपड्यांची नीळ केसांसाठी किंवा डोळ्यांजवळ वापरण्यासाठी बनवलेली नसते, पोखरलेल्या केसात ती डागाडागांनी शिरते आणि पिवळ्या झालेल्या बटेवर निळा बसला की बट हिरवट दिसते. सगळीकडे सुचवला जाणारा जांभळा शाम्पूही नारिंगी केसांवर जवळपास निरुपयोगी ठरतो तो याच हिशेबाने. बट आधी दिवसाच्या उजेडात पाहावी, नारिंगी असेल तर निळा शाम्पू किंवा निळसर झाकेचा ऍश तपकिरी रंग घ्यावा, तोही कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास वाट पाहिल्यावर आणि एका लपलेल्या बटेवर करून पाहिल्यावरच. तो काही आठवड्यांत धुऊन जातो आणि पुन्हा लावावा लागतो, हे संदेशात लिहिले असते तर कुणी पुढे पाठवले नसते.

भाचीच्या बटा ऍश तपकिरीने आता बऱ्या दिसतात, कपाळावरचा पट्टा अजून आहे. काल तो संदेश चौथ्या गटावर आला. पाठवणारी माझी वहिनी, म्हणजे याच मुलीची आई.