रोहयोवर राबणाऱ्यांना फुकटे म्हणू नका

"रोजगार हमीने मजूर आळशी झाले, शेतीला माणूस मिळेना, नुसते खड्डे खणायचे नि बुजवायचे, आणि हे सगळं आमच्या टॅक्सवर." हा मेसेज आठवडाभर फिरतोय. मी सोडून दिला असता. पण मावसभावाने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि आईने मला विचारलं, "आम्ही फुकटचं खाल्लं का गं?"

बहात्तरच्या दुष्काळात आई आणि मावशी दोघी दुष्काळी कामावर खडी फोडायला होत्या. सुकडी खायची आणि दिवसभर हातोडा चालवायचा. मावशीच्या डाव्या अंगठ्याचं नख तेव्हा चेचलं, ते अजून वाकडंच आहे. मे 1973 मध्ये राज्यात अशा कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. त्या सगळ्यांना आळशी म्हणायचं?

रोहयोवर, म्हणजे रोजगार हमी योजनेच्या कामावर, नुसती हजेरी लावली की पैसे मिळतात असं ज्याला वाटतं, त्याने चौकडी, म्हणजे मजुराने मापात खणायचा खड्डा, पाहिलेली नाही. मातीकाम टेप लावून मोजतात. माप कमी भरलं की मजुरी कमी. 2025-26 चा राज्याचा दर दिवसाला 312 रुपये. शेतात याहून जास्त मिळत असेल तर उन्हात मुरूम खणायला कोण येईल? बाया येतात, कारण शेतात त्यांना गड्यापेक्षा कमी देतात, इथे दर एकच. 'माणूस मिळत नाही' म्हणजे पुष्कळदा 'कमी पैशांत मिळत नाही'. आणि बीडकडचे कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, आगाऊ उचल घेऊन साखर कारखान्यावर जातात, ते गावात काम नसतं म्हणून. लेकरांची शाळा बुडवून हौसेने कोणी जात नाही.

खड्ड्यांचं म्हणाल, तर मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी 2014 मध्ये राज्यातल्या 100 गावांतली 4,100 हून जास्त कामं पाहिली. 87 टक्के कामं जागेवर होती, वापरात होती. बहुतेक शेतीच्याच उपयोगाची: विहिरी, बांध, पाझर तलाव. ती वापरणाऱ्यांपैकी काम निरुपयोगी म्हणणारे फक्त 8 टक्के निघाले.

खोटी मस्टरं, म्हणजे हजेरीपत्रकं, भरली जातात, हे मात्र मान्य करावं लागेल. आमच्याच गावात न आलेल्यांची हजेरी लागलेली मी पाहिली आहे, आणि खरं राबलेल्यांचे पैसे दोन-दोन महिने अडकलेलेही. पण त्यात लुबाडला जातो तो मजूरच.

राहिला टॅक्स. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंनी मांडलेल्या या योजनेसाठी 1975 मध्ये व्यवसाय कर लावला, 1977 मध्ये कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने थोडं द्यायचं आणि खेड्यात मागेल त्याला काम मिळायचं, असं ठरवूनच. भावाच्या पगारातून त्यापोटी वर्षाला 2,500 रुपये कापले जातात. तेवढ्यावरून त्याने हा मेसेज पुढे पाठवला. आईला मी सांगितलं, तुम्ही दोघींनी फुकट काही खाल्लेलं नाही. तेच आता मावशीला त्याने स्वतः फोन करून सांगावं.