कोकणकड्याच्या फोटोला दिलेल्या दोन स्टारबद्दल

नमस्कार मॅडम,

फ्रेम वास्तुशांतीच्या आधी घरी पोचायला हवी होती, ती तीन दिवस उशिरा पोचली. फ्रेमच्या कारागिराकडे काम अडकलं होतं, पण शब्द आम्ही दिला होता, म्हणजे चूक आमचीच. मनापासून माफी मागतो.

पण तुम्ही अभिप्रायात पुढे लिहिलंय, "खालचा अर्धा फोटो नुसता काळा. मोबाईलवर फिल्टर लावून उजळ दाखवला, ही फसवणूक आहे." हे वाचल्यापासून कामात लक्ष लागत नाहीये. नऊ वर्षांत फसवणूक हा शब्द आम्हाला कुणी लावला नव्हता.

तो काळा भाग म्हणजे दरी आहे, मॅडम. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याला सूर्य बुडाला की बहुतेक मंडळी लगेच तंबूकडे वळतात. खरा रंग त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी चढतो, आधी केशरी, मग जांभळट. तोपर्यंत खाली कोकणात अंधार पडलेला असतो. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून आठ सेकंदांचं एक्स्पोजर दिलंय, म्हणजे तेवढा वेळ कॅमेऱ्यात उजेड येऊ दिलाय. खालच्या कडेपासून चार बोटं वर, उजव्या कोपऱ्याजवळ बघा. कड्याखालच्या बेलपाडा गावात लागलेले तीन दिवे आहेत, मोहरीएवढे. ते कागदावर यावेत म्हणून मी चार वेळा टेस्ट प्रिंट काढली. अंधार उजळला असता तर कडा राखाडी पडला असता आणि दिवे त्यातच हरवले असते.

इन्स्टाग्रामवर आहे तीच फाईल छापलीय, वेगळी नाही. मोबाईलचा पडदा स्वतःच उजेड देतो, कागदावर मात्र खोलीतला उजेड पडावा लागतो. म्हणूनच ऑर्डरच्या वेळी व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, कुठली भिंत? तुम्ही सोफ्यामागची सांगितलीत, तिच्या फोटोवर फ्रेम बसवून दाखवली. साध्या काचेत समोरचं सगळं दिसतं, मॅट ॲक्रिलिक (न चमकणारं पारदर्शक प्लास्टिक) घ्या, असंही सुचवलं होतं. 1,400 रुपये वाढतात म्हणून तुम्ही काच घेतलीत. ठीक आहे, ती तुमची निवड. पण अभिप्रायासोबतच्या तुमच्या फोटोत फ्रेम बाल्कनीच्या बरोबर समोर आहे आणि काचेत बाल्कनीची ग्रिल स्पष्ट दिसतेय. त्या ग्रिलच्या मागे दरी कशी दिसणार?

आणि "सूर्य रोजच मावळतो, त्याचे 7,800 कसले?" हे खरंच लागलं. पावसाळ्यात कडा ढगात असतो. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी धुरकट की सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच विरून जातो. पाऊस ओसरल्यावरचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे मोजके दिवस हाताशी उरतात. पाचनईकडून तीन तास चढून मी पाच वेळा रिकामा उतरलोय, सहाव्या फेरीत हे आभाळ मिळालं. वर 30 बाय 20 इंचाचा कॉटन पेपर, पिगमेंट शाई आणि सागवानी फ्रेम. यातून आमच्या हातात किती उरतं ते इथे लिहीत नाही.

दुकान मी आणि माझी बायको, दोघंच चालवतो. दिवाळीच्या तोंडावर लोक पहिल्यांदा हे स्टारच बघतात. तारखांच्या बाबतीत यापुढे नक्की काळजी घेऊ, काचेबद्दलची माहितीही कुठेतरी ठळक लिहायचं चाललंय.

तुमची काच बदलून मॅट ॲक्रिलिक बसवून देतो, वरचे पैसे नकोत. फ्रेम न्यायला मी स्वतः येईन. येताना एक छोटा स्पॉट लाईट आणतो. तो वरून तिरका लावून बघू. ते तीन दिवे दिसले नाहीत तर पूर्ण पैसे परत करतो.