सोडवले की सोडले?

२१ डिसेंबर २०२३ ला कॅटचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला आणि मला ७२.१४ पर्सेंटाइल मिळाले. कॅटमध्ये नापास असं काही नसतं, हीच तिची मोठी गैरसोय. नापास म्हटलं की घरी सगळ्यांना कळतं, दोन दिवस कुणी बोलत नाही आणि तिसऱ्या दिवशी आई शिरा करते. ७२.१४ म्हटलं की कुणालाच काही कळत नाही.

आईचा साताऱ्याहून फोन आला तेव्हा मी लॅपटॉपसमोर बधिर बसलो होतो.

"किती पडले?"

"बहात्तर," मी म्हणालो आणि पुढचं सांगायच्या आत तिने फोन ठेवला. अर्ध्या तासात किलोभर कंदी पेढे आळीत वाटून झाले होते. समोरच्या काकूंनी माझं अभिनंदन करून वर हळहळही व्यक्त केली, "तीनच टक्क्यांनी डिस्टिंक्शन हुकलं हो!" आईच्या पेढ्यांना जागून मी गप्प बसलो.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे मी आजवर सतरा जणांना समजावलं आहे. त्या वर्षी परीक्षेला बसले २ लाख ८८ हजार. त्यांतले बहात्तर टक्के माझ्या मागे, म्हणजे साधारण ऐंशी हजार माणसं माझ्या पुढे. एकेका मोठ्या आयआयएममध्ये जागा काहीशे. ही रांग डोळ्यांसमोर आणली की पेढा घशाखाली उतरत नाही. हे एकट्या मामेभावाला कळलं, कारण तो स्वतः एमबीए. तो फोनवर एवढंच म्हणाला, "बहात्तर? पर्सेंटाइल? ...ओके." त्या 'ओके'पेक्षा मामाने लहानपणी दिलेली थोबाडीत सुसह्य होती.

पण खरी लाज आणखी आत होती, ती मी कुणालाच दाखवली नाही. कॅट त्या वर्षी १९८ गुणांची होती. उत्तरतालिका घेऊन मी वहीत हिशेब मांडला. इंग्रजीच्या विभागात आठ बरोबर, सात चूक. डीआयएलआर नावाच्या कोड्यांच्या विभागात दोन बरोबर, तीन चूक. गणितात पाच बरोबर, चार चूक. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायांच्या प्रश्नात चुकीला एक वजा, आणि माझ्या चुका सगळ्या तिथल्याच. बेरीज एकतीस. १९८ पैकी ३१! एवढ्या गुणांवर शाळेत वर्गाबाहेर उभं करायचे, इथे दोन लाखांवर लोक माझ्या मागे उभे होते.

मग त्या वहीत मला चौदा चुका दिसल्या. म्हणजे चौदा गुण मी स्वतःच्या हाताने देऊन आलो होतो. ते चौदा प्रश्न बघून नुसता हाताची घडी घालून बसलो असतो, तर पंचेचाळीस झाले असते. आयुष्यात पहिल्यांदा आळसाने माझं भलं होणार होतं आणि नेमका त्याच दिवशी मी कष्ट करत बसलो.

यात दोष माझा एकट्याचा नाही, संस्कारांचा आहे. दहावीला सरांनी बजावलं होतं, "एकही प्रश्न सोडायचा नाही. येत नसेल तर प्रश्न क्रमांक घालून काहीतरी लिहा, पायऱ्यांचे गुण मिळतात." घरी तोच नियम ताटाला. पानात टाकायचं नाही. कारल्याची भाजी असली तरी नाही. या शिस्तीत वाढलेला मुलगा कॅटला बसला, तर तो समोर आलेलं सगळं संपवायलाच बघणार. त्यात माझं सत्र साडेबाराचं. रविवारी साडेबाराला मराठी माणूस फक्त एकाच कारणासाठी टेबलाशी बसतो. पोटात कावळे ओरडत असताना मी एका कोड्याला बावीस मिनिटं दिली. विभागाची मिनिटं चाळीस, आणि ती संपली की मागे फिरायची सोय नाही. एसटीसारखं आहे, गाडी फलाटावरून हलली की हलली. बाबांनी तीस वर्षं वाहक म्हणून घंटी मारली, त्यांच्या मुलाला एवढं तरी कळायला हवं होतं.

जानेवारीभर मी सुतक पाळलं. फेब्रुवारीत कुणी विचारलं नाही तरी सांगायला लागलो, "या वर्षी परत बसतोय." त्यावर आईचा प्रश्न वाजवी होता, "पास झालास ना? मग परत कशाला?" पेढे वाटून झाल्यावर खरं सांगायची सोय राहिली नव्हती. "सुधारणेसाठी," मी म्हणालो. तिने ते काकूंना सांगितलं. काकूंना ते तीन टक्क्यांचंच वाटलं आणि त्या खूश झाल्या.

नोकरी हिंजवडीत, त्यामुळे अभ्यासाला वेळ एकच, पहाटेचा. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत टेबल घेतलं. बाहेर चपलांचा ढीग, आत स्मशानशांतता, आणि दर वीस मिनिटांनी कुणाची तरी स्टीलची बाटली फरशीवर आपटायची. बाटली पडली की चाळीस माना वर व्हायच्या आणि चाळीस माना खाली जायच्या. सगळे स्पर्धा परीक्षावाले. शेजारच्या टेबलावरचा भाऊ सहा वर्षं तिथे होता. त्याच्या टेबलावर तुळशीचं छोटं रोपसुद्धा होतं. माझी दुसरीच खेप आहे असं ऐकल्यावर त्याने माझ्याकडे बालवाडीतल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं.

"तुमचा पेपर केवढा?"

"दोन तास."

"आणि निकाल?"

"महिन्याभरात."

"एकाच पेपरात निकाल लागतो?" तो म्हणाला. "मग तुम्हाला दुःख करायला वेळ कधी मिळतो?"

मला उत्तर सुचलं नाही. त्याने चहा पाजला.

दर रविवारी सराव परीक्षा द्यायची आणि तिचा आलेख काढायचा, असं मी ठरवलं होतं. पहिले दोन महिने तो आलेख खंबाटकी घाटासारखा दिसत होता, फक्त चढ कुठे आहे ते कळत नव्हतं. गणित तेवढं सुधारलं. पडद्यावर कॅलक्युलेटर असतो, पण तो माऊसने एकेक आकडा टिचकवून चालवायचा. त्यापेक्षा पाढे बरे, म्हणून मी तिशीच्या उंबरठ्यावर एकोणतीसचा पाढा पाठ केला. इंग्रजीचे उतारे वाचून वाचून निदान झोप चांगली लागायला लागली. कोडी मात्र हटली नाहीत.

ती हटली दिवाळीत. साताऱ्याला ओट्याशेजारी बसून मी एक संच वाचत होतो. आठ माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, ए च्या शेजारी बी नाही, डी च्या समोर जी आहे वगैरे. आई चकल्या पाडत होती. सोऱ्या दाबता दाबता म्हणाली, "मोठ्याने वाच." वाचलं. एफ हा सी आणि एच यांच्याशिवाय कुणाच्याही शेजारी बसत नाही, हे वाक्य आलं तशी ती थांबली.

"हा रुसका आहे. याला आधी बसव."

"काय?"

"पंगतीत सगळ्यात आधी रुसणाऱ्याला बसवायचं. त्याच्या एका बाजूला सी, दुसऱ्या बाजूला एच. आता तो हलत नाही. बाकीचे आपोआप बसतात. तुझ्या मुंजीत तुझ्या आत्याच्या यजमानांना असंच बसवलं होतं."

मी आकृती काढली. चार मिनिटांत आठही माणसं जेवायला बसली. हजारो रुपये मोजलेल्या क्लासने जे 'सगळ्यात जास्त अटी असलेल्या घटकापासून सुरुवात करा' असं सांगितलं होतं, ते हेच. फक्त क्लासच्या भाषेत तो घटक रुसलेला दिसत नव्हता.

मी हावरटासारखा दुसरा संच वाचला. चार कंपन्या, सहा वर्षं, विक्रीचं कोष्टक आणि निम्म्या चौकटी रिकाम्या. आईने चकली तेलात सोडली आणि म्हणाली, "अर्धवट हिशेब लिहिणाऱ्या माणसाशी व्यवहार करू नये. पुढचा वाच."

"सोडून देऊ?"

"मग काय, त्याच्या पायी चकल्या जाळू?"

२४ नोव्हेंबर २०२४. या वेळी सत्र तिसरं, साडेचार ते साडेसहा. दुपारी पोटभर वरणभात जेवलो, त्यामुळे भुकेचा प्रश्न सुटला, डोळ्यांवर झापड आली ती वेगळी. कोड्यांच्या विभागात पहिल्याच संचात एक कोष्टक होतं, भरपूर रिकाम्या चौकटींचं. हात शिवशिवला. दहावीचे सर डोळ्यांसमोर आले. मी त्यांना मनोमन नमस्कार केला आणि पुढे गेलो. पुढच्या संचात रुसका सापडला.

बाहेर पडून फोन चालू केला तर आईचे तीन मिस्ड कॉल.

"झाला पेपर? सगळं सोडवलंस ना?"

"अडुसष्ट प्रश्न होते. अडतीस सोडवले."

"आणि बाकीचे तीस?"

"सोडले."

"सोडवले की सोडले?"

"सोडले, आई. मुद्दाम."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. पानात तीस घास टाकल्याचं ऐकून साताऱ्यात काय होत असेल ते मला दिसत होतं. चकल्यांच्या दिवशी तूच सांगितलंस, असं म्हणणार होतो, पण धीर झाला नाही.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "मग या वेळी पेढे अर्धा किलोच सांगते."